कादंबरीचे प्रसंग आणि कालक्रम लावायला कोणतं सॉफ्टवेअर वापरता?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी,

मी कऱ्हाडजवळच्या एका शाळेत मराठी शिकवते आणि सध्या एक कादंबरी लिहिते आहे. विषय आहे कोयना धरणात गेलेलं एक गाव. गाव कल्पनेतलं, पण भोवतालचं सगळं खरं: पन्नासच्या दशकात सुरू झालेलं काम, शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या जमिनी, सांगली-सोलापूरपासून पार ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यापर्यंत पांगलेली माणसं, आणि ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा भूकंप.

कथेचे दोन धागे आहेत. एक गोदाचा, १९५५ ते १९६८. दुसरा तिच्या नातीचा, २०१४ सालातला. नात पर्यायी जमिनीच्या दाव्यासाठी जुने सात-बारा, संकलन रजिस्टरचे (धरणग्रस्तांच्या सरकारी नोंदवहीचे) उतारे, मोबदल्याच्या पावत्या गोळा करते आहे. त्यातल्या एका पावतीवर आजीच्या नावापुढे अंगठा उठवलेला सापडतो. गोदा तर रात्रीच्या वर्गाला जाऊन सही शिकलेली. मग हा अंगठा कोणाचा आणि पैसे उचलले कोणी? सगळा डोलारा या अंगठ्यावर उभा आहे.

लिहून बरंच झालंय. पण ते सुट्या वर्ड फायलींमध्ये आहे आणि प्रसंग लिहिले तसे सुचले त्या क्रमाने. आता मला तीन-चार गोष्टी एका नजरेत दिसायला हव्यात. अमुक प्रसंगात गोदाच्या दिराचं वय काय? त्या दिवशी गावात कोण होतं आणि कोण मुंबईला गिरणीत? मुख्य म्हणजे कोणती गोष्ट कोणाला कधी कळली? नातीला जे कळायचंय ते वाचकाला आधीच कळलेलं असेल, तर मधली चाळीस पानं वाया जातात.

स्क्रिव्हनर, प्लॉटर, एऑन टाइमलाइन ही नावं ऐकून आहे. माझ्याकडे विंडोजचा लॅपटॉप आणि अँड्रॉइड फोन आहे. बरंचसं सुचतं ते एसटीत, त्यामुळे फोनवर काहीतरी चालायला हवं. मराठीत हे सगळं नीट चालतं का? ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी सांगितलं तर फार बरं होईल. पैसे खर्च करायची तयारी आहे, पण उगाच नको.

---

पानशेत६१

ताई, विषय वाचून लगेच लिहायला बसलो. मी पुण्याचा, आणि माझी कादंबरी १२ जुलै १९६१ या एकाच दिवसाची आहे. सकाळी पानशेत फुटलं, दुपारपर्यंत खडकवासल्याची भिंतही गेली, आणि मधल्या तासांत नदीकाठच्या पेठांमध्ये माझी अकरा पात्रं इकडून तिकडे धावत होती. तेव्हा तुमचा प्रश्न मला अगदी आतून कळतो.

माझं ठाम मत: सॉफ्टवेअर विकत घ्यायच्या आधी साधी गूगल शीट उघडा आणि लिहून झालेल्या प्रत्येक प्रसंगाला एक ओळ द्या. पुढे काय लिहायचंय ते सध्या बाजूला ठेवा. जे कागदावर उतरलंय तेवढंच. याला चार-सहा संध्याकाळी लागतील. पण त्यातून कादंबरीबद्दल जे कळतं ते कुठलंही ॲप सांगत नाही.

रकाने कोणते ठेवायचे यावर मी बरीच घासाघीस केली आहे. सगळ्यात मोलाचे पहिले दोन: 'घडण्याचा क्रम' आणि 'सांगण्याचा क्रम'. दोन्हींत नुसते आकडे. गोदा सही शिकते तो प्रसंग घडण्याच्या क्रमात समजा ७वा, पण पुस्तकात तो ३१वा येईल. नातीला पावती सापडते तो प्रसंग घडण्याच्या क्रमात जवळजवळ शेवटचा, आणि पुस्तकात कदाचित ५वा. एका रकान्यावर क्रम लावलात की इतिहास दिसतो, दुसऱ्यावर लावलात की पुस्तक. दोन काळांत चालणाऱ्या कथेला याच्याइतकं उपयोगी काही मला मिळालेलं नाही.

त्यापुढे तारीख, ठिकाण, कोणाच्या नजरेतून, हजर कोण कोण. मग एक रकाना 'काय बदललं'. प्रसंगाच्या सुरुवातीला होतं आणि शेवटी राहिलं नाही असं काय, ते एका वाक्यात. हा रकाना भरताना जिथे हात थांबतो, तो प्रसंग एकदा पुन्हा वाचा. भाषा सुंदर असेल, वर्णन खरं असेल, पण कथा तिथे उभीच राहिलेली असते.

आणि मग तुमचा कळीचा मुद्दा. त्याला दोन वेगळे रकाने करा: 'पात्रांपैकी कोणाला काय कळलं' आणि 'वाचकाला काय कळलं'. अंगठ्याचं उदाहरण घेऊ. या सूत्राशी संबंध असलेल्या प्रत्येक ओळीला 'अंगठा' अशी खूण द्या आणि शीटला त्या खुणेचा फिल्टर लावून, म्हणजे तेवढ्याच ओळी गाळून घेऊन बघा. समजा सात ओळी उरल्या: रात्रीचा वर्ग, गोदाची पहिली सही, मोबदल्याचं वाटप, दिराने घेतलेली नवी बैलजोडी, पावती, तलाठ्याशी बोलणं, दिराच्या मुलाची कबुली. आता या सातांचे 'सांगण्याचा क्रम' मधले आकडे बघा. पहिली सही ३१ आणि पावती ३३ असेल, तर वाचक तुमच्या पुढे धावणार. सही १२वर, बैलजोडी १९वर आणि पावती ४०वर गेली, तर सही वाचकाच्या मनात असेल पण समोर नसेल. बैलजोडीचा प्रसंग सहज आनंदाचा म्हणून वाचून होईल आणि पावती आली की तोच प्रसंग उलटा फिरेल. हे अंतर पानांत किती हवं ते तुम्हीच ठरवणार. शीट फक्त ते दाखवते.

वयासाठी दुसऱ्या पानावर पात्रांच्या जन्मतारखा लिहा आणि डेटडिफ हे सूत्र वापरा. दोन तारखांमधली पूर्ण झालेली वर्षं ते काढून देतं. दिराची जन्मतारीख बदलली की सगळ्या प्रसंगांतलं वय आपोआप बदलतं. (जाता जाता पेशवाईवर लिहिणाऱ्यांसाठी: एक्सेल १९००च्या आधीची तारीख तारीख म्हणून ओळखतच नाही. लिब्रेऑफिसचं कॅल्क ओळखतं.)

एक रकाना मात्र कुठल्याच परदेशी सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळत नाही आणि आपल्याला तो लागतोच: तिथी आणि चंद्र. आपली माणसं १९६० साली तारखेवर जगत नव्हती. गोदाच्या तोंडी 'अकरा डिसेंबर' येणार नाही, 'मार्गशीर्षातली गोष्ट' येईल. जुनं पंचांग काढून प्रत्येक महत्त्वाच्या तारखेपुढे तिथी लिहा, अधिक महिना कोणत्या वर्षी होता ते लिहा. माझ्या कादंबरीतल्या पुराच्या रात्री अमावास्या होती, आणि त्या एका नोंदीने माझी शेवटची तीन प्रकरणं कशी दिसतील, लोक एकमेकांना कसे ओळखतील, सगळं ठरवलं. तुमच्या भूकंपाचं बघा. पौर्णिमा १६ डिसेंबरला होती. म्हणजे ११ला चंद्र अर्ध्याहून मोठा, पण मध्यरात्रीनंतर मावळून जाणारा. हादरा बसला तो पहाटे सव्वाचारनंतर. म्हणजे गोदा घराबाहेर धावते तेव्हा अंगणात मिट्ट काळोख आणि मार्गशीर्षाची थंडी. हाका ऐकू येतील, चेहरे दिसणार नाहीत. वार सोमवार. हे असं लिहून ठेवलं की प्रसंग लिहिताना हात अडखळत नाही.

आता विकतची सॉफ्टवेअर्स. मी स्क्रिव्हनर आणि एऑन टाइमलाइन दोन्ही वापरली.

स्क्रिव्हनर म्हणजे मुळात लिहिण्याचं आणि रचण्याचं साधन. प्रत्येक प्रसंग वेगळा तुकडा, डावीकडे त्यांची उतरंड, हवा तो उचलून हवा तिथे ठेवायचा. कॉर्कबोर्डवर प्रत्येक तुकड्याचं कार्ड दिसतं. स्नॅपशॉट घेतला की जुना खर्डा जपून राहतो, मग निर्धास्त कापाकापी करता येते. शेवटी कंपाइल केलं की एकसलग वर्ड फाइल मिळते. तुमच्या वर्ड फायली त्यात जशाच्या तशा आत घेता येतात. पैसे एकदाच भरायचे आणि आधी ३० दिवस फुकट. ते दिवसही प्रत्यक्ष वापराचे मोजतात, म्हणजे दर रविवारीच उघडलंत तर ते कितीतरी महिने पुरतं. उणी बाजू अशी की अँड्रॉइडवर नाही. आणि त्याचा प्रकल्प म्हणजे एक फाइल नसून आत पुष्कळ फायली असलेलं फोल्डर असतं. ते क्लाउडवर ठेवून दोन संगणकांवर एकाच वेळी उघडू नका, आतल्या फायलींचा मेळ बिघडतो.

एऑन टाइमलाइन कालक्रमासाठी उत्तम. कोणत्या घटनेच्या वेळी कोणाचं वय किती हे तिथल्या तिथे दिसतं, आणि मला तर तासामिनिटांपर्यंत जायचं होतं. तुमच्या कादंबरीला वर्षं आणि महिने पुरतात. तुमच्यासाठी शीट पुरेल असं मला वाटतं.

प्लॉटर फार थोडं वापरलं. आडव्या-उभ्या चौकटींत कथेचे धागे आणि प्रकरणं मांडतात, दिसायला मोहक. पण ते काम शीटमध्ये होतं. फुकटात हवं असेल तर वायरायटर बघा. एका कादंबरीकारानेच स्वतःसाठी बनवलेला प्रोग्राम आहे, सायमन हेन्स नावाचे ऑस्ट्रेलियातले गृहस्थ. प्रसंग, पात्रं, ठिकाणं, कोणाच्या नजरेतून, सगळ्याची सोय आहे. रूप जुनाट, काम चोख.

---

खडूफळा

मी जरा वेगळं सांगतो, राग मानू नका. माझ्या दोन कादंबऱ्या भिंतीवर झाल्या. कार्डशीटचे पोस्टकार्डाएवढे तुकडे, प्रत्येक पात्राला एक रंग, आणि खोलीची एक अख्खी भिंत. पडद्यावर एका वेळी पंधरा-वीस ओळी दिसतात. भिंतीवर पूर्ण कादंबरी दिसते. उभं राहून, लांब जाऊन बघता येते. पहिल्या एक-तृतीयांश भागात गोदाचा रंग गर्दी करून बसलाय आणि पुढे तो दिसेनासाच झालाय, हे भिंत एका क्षणात सांगते.

शिवाय सॉफ्टवेअर शिकण्यात, रंग निवडण्यात, रकाने सजवण्यात किती संध्याकाळी जातात ते मी माझ्या मित्रांमध्ये बघितलंय. ताई, तुमचं लिहून झालंय बरंचसं. भिंत वापरा.

---

पानशेत६१

खडूफळा, राग कसला! रंगांच्या गर्दीचा मुद्दा अगदी मान्य. शीटमध्ये 'कोणाच्या नजरेतून' या रकान्याला पात्रागणिक रंग दिला आणि पडदा लहान करून बघितला तर थोडंफार तसं दिसतं, पण भिंतीची सर येत नाही. माझं म्हणणं एवढंच की एकच यादी दोन क्रमांनी बघायची असेल तर भिंतीवरची सगळी कार्डं काढून पुन्हा लावावी लागतात. एका काळाच्या कथेला भिंत, दोन काळांच्या कथेला शीट.

---

शुद्धलेखा

मी मुद्रितशोधनाचं काम करते, म्हणून मला या धाग्यातला 'मराठीत नीट चालतं का' हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यावर कोणी फारसं बोललं नाही.

कोयनाकाठ, आधी तपासा की तुमच्या सगळ्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे फाँट बदलला तरी मराठीच राहणाऱ्या पद्धतीत, आहेत ना. जुन्या संगणकावर कधी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टंकलेलं काही असेल, तर ते स्क्रिव्हनरमध्ये नेल्यावर निरर्थक रोमन अक्षरं दिसतील. आधी कन्व्हर्टरने बदला आणि बदलल्यावर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. रफार आणि पहिली वेलांटी तिथे हमखास सरकतात.

दुसरं, शोधावर विसंबू नका. सगळी सॉफ्टवेअर्स इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केलेली आहेत, तिथे नाव बदलत नाही. आपल्याकडे 'सासरा' शोधलंत तर 'सासऱ्याने', 'सासऱ्याला' सापडणार नाही. 'चुलता' शोधलंत तर 'चुलत्याकडे' निसटेल. त्यामुळे हे पात्र कुठे कुठे आलंय असं संगणकाला विचारलंत की तो अर्धीच ठिकाणं देतो. पानशेत६१ यांनी सांगितलेला 'हजर कोण कोण' हा रकाना म्हणूनच भरा, आणि त्यात प्रत्येक नाव कायम एकाच मूळ रूपात लिहा. तिथे 'गोदा' म्हणजे गोदाच, कधी 'गोदाक्का', कधी 'आजी' असं नको. वर्ड फायलींत शोधायचंच असेल तर नावाचा न बदलणारा भाग टाका, 'चुलत' एवढाच.

तिसरी गोष्ट बारीक आहे पण फार छळते. 'ऱ्या' हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठतं. काही कीबोर्ड खाली टिंब असलेला 'ऱ' वापरून ते बनवतात, काही साध्या 'र'ला हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. तुम्ही लॅपटॉपवर एका कीबोर्डने आणि फोनवर दुसऱ्याने लिहिलंत, तर 'कऱ्हाड' शोधताना अर्धे कऱ्हाड सापडणार नाहीत. एका फाइलमधलं अक्षर कॉपी करून शोधा-बदला मध्ये टाका आणि सगळीकडे एकच तऱ्हा करून घ्या. हे कादंबरी प्रकाशकाकडे द्यायच्या आधी तर कराच. मांडणी करणाऱ्याचा आणि मुद्रितशोधकाचा पुष्कळ वेळ वाचतो.

---

टेम्सकाठी

फोनचा प्रश्न राहिलाय, तेवढ्यापुरतं लिहितो. मी लंडनमध्ये असतो, लिहिणं सगळं ट्रेनमध्ये होतं. ऑब्सिडियन वापरतो. वैयक्तिक वापराला फुकट, विंडोज आणि अँड्रॉइड दोन्हींवर आहे. प्रत्येक टिपण साध्या मजकुराची एक फाइल असते आणि ती आपल्याच फोनमध्ये राहते. उद्या ऑब्सिडियन बंद पडलं तरी फायली कुठल्याही नोटपॅडमध्ये उघडतील. लेखकासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

दुहेरी चौकटी कंसांत पात्राचं नाव लिहिलं की त्या नावाच्या पानाशी दुवा जोडला जातो. मग 'गोदा' हे पान उघडलं की ती जिथे जिथे आली ती सगळी टिपणं खाली दिसतात. शुद्धलेखाताईंनी सांगितलेली सामान्यरूपाची अडचण इथे सुटते, कारण दुव्यात मूळ नाव आणि वाक्यात दिसायला वेगळं रूप असं देता येतं. मध्ये एक उभी रेघ टाकायची, बस्स. कॅनव्हास नावाची सोयही आहे, त्यावर टिपणं कार्डांसारखी पसरता येतात. खडूफळांची भिंत समजा, फक्त लहान.

मी सलग मजकूर मात्र त्यात लिहीत नाही, नुसती टिपणं.

---

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

शीट केली. अजून भूकंपानंतरचे प्रसंग भरायचे आहेत, पण जेवढं झालं त्यातूनच एक गोष्ट लख्ख दिसली. नातीच्या धाग्यातल्या ओळींमध्ये 'नातीला काय कळलं' हा रकाना गच्च भरलेला आहे आणि 'काय बदललं' जवळजवळ रिकामा. ती एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाते, कागद मिळवते, घरी येते. माहिती वाढते, ती स्वतः होती तिथेच राहते. गोदाच्या धाग्यात प्रत्येक ओळीत काहीतरी कायमचं तुटतंय किंवा जुळतंय. आता नातीचे प्रसंग मी नव्याने विचारात घेतलेत. पावती सापडल्यावर ती ताबडतोब दिराच्या मुलाकडे, म्हणजे तिच्या लाडक्या काकांकडे जेवायला जाते आणि विचारत नाही, असा प्रसंग सुचलाय. काका ताटात आग्रहाने भाकरी वाढतायत आणि पावती तिच्या पिशवीत आहे. 'अंगठा' खुणेच्या ओळींमध्ये तो पावतीनंतर लगेच बसतो.

शुद्धलेखाताई, 'कऱ्हाड'चं अगदी तसंच निघालं. फोनवरून आलेली सगळी टिपणं वेगळी होती, बदलून घेतली. टेम्सकाठी, ऑब्सिडियन फोनवर घेतलं आहे, एसटीतली टिपणं आता तिथे जातात. स्क्रिव्हनरचा ३० दिवसांचा वापर उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी राखून ठेवते.

पानशेत६१, एकच विचारायचं राहिलं. पाणी साठायला लागल्यानंतर मोठ्या भूकंपाच्या आधीची काही वर्षं त्या भागात लहान हादरे बसत होते, जमिनीतून गडगडाट ऐकू यायचा. माझ्या मजकुरात ते असेच वाक्यावाक्यांत आलेत: भांडी वाजली, म्हैस बिथरली. त्यांना प्रसंग म्हणून वेगळी ओळ देता येत नाही, पण ते कुठे आले आणि कुठे नाहीत हे मला दिसायला हवं. ते कसं नोंदवू?

---

पानशेत६१

वेगळी ओळ नकोच. खुणांच्या रकान्यात जसं 'अंगठा' लिहिता तसंच 'हादरा' लिहा, ज्या ज्या प्रसंगात तो उल्लेख असेल तिथे. पुढे कंसात दोन शब्द, 'भांडी' किंवा 'म्हैस', म्हणजे तेच चिन्ह दोनदा वापरलं गेलं तर कळेल. मग त्या खुणेवर गाळून सांगण्याच्या क्रमाने बघा. धरण भरायच्या आधीच्या तारखेला कुठे 'हादरा' दिसला तर तो काढा. मोठ्या भूकंपाच्या अगदी आधीच्या दोन-तीन प्रसंगांत तो असेल तर तिथूनही काढून बघा. वर्षानुवर्षं भांडी वाजत आलेल्या घरात त्याची सवय झालेली असते, कोणी त्यावर बोलत नाही. आणि काकांच्या घरचं जेवण नक्की लिहा.